तीनशे दहा फुटांवरची नदी

तिवसखेड, ता. जळगाव जामोद
२ जानेवारी २०२५

धम्मशीलाताईंना बशीरचा सलाम आणि जय भीम.

फोन न करता पत्र लिहितो आहे, रागावू नका. फोनवर तुम्ही भाषण देता आणि माझं बोलणं राहून जातं. मागच्या वेळी मी तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारलं, आणि चाळीस मिनिटं सातपुड्याचं ऐकलं. पत्रात निदान माझी पाळी आधी येते.

सोबत पार्सल आहे. सोळा पुड्या. नोव्हेंबरात गजेंद्रच्या वावरात, नदीच्या अंगाला, मी बोअर मारत होतो. तीनशे वीस फुटांवर भोक आतून ढासळलं. सळ्या कशाबशा ओढून काढल्या. पाणी कसं आहे ते पाहायलाच मिळालं नाही. पण तुम्ही कधीकाळी सांगून ठेवलं होतं, म्हणून दर वीस फुटांचा माल वेगळा ठेवला होता. तोच पाठवतो आहे. चिखलात लडबडलेला होता, तो तसाच तुमच्याकडे कसा पाठवणार? तुमच्या वहिनीने, बिस्मिल्लाने, चाळणीत धरून स्वच्छ धुतला आणि बाजेवर वाळवला. घरातलं खारं पाणी वापरू दिलं नाही तिने. "दगडांवर पांढरं धरते, ताईंच्या घरी अशी चीज नाही पाठवायची," म्हणाली आणि आसिमच्या जारमधलं चार तांबे पाणी त्यावर ओतलं. पहिल्या पाच पुड्या हलक्या लागतील. त्यांत फार काही उरलं नाही.

आता कामाचं. गावाला एकच खोल बोअर मंजूर झाली आहे. दुसरी पाच वर्षं नाही, असं तालुक्याच्या ऑफिसात स्पष्ट सांगितलं. कुठे मारायची ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठरेल. पाणाड्या कडूबाने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली आहे: उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, गावापासून तीन किलोमीटर. गजेंद्रचं वावर गावाला लागून आहे. लोकांना जवळची जागा हवी, पण तिथेही खारंच लागेल म्हणून धीर होत नाही.

आसिमचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. डॉक्टर म्हणतात, नेमकं कारण सांगता येत नाही, पण हे पाणी पिऊ नका. भावासाठी जार आणतो. त्याची हीना नऊ वर्षांची झाली, ती शाळेत हँडपंपावर पिते. तिची रक्ततपासणी केली, तर किडनीचा आकडा थोडा वर आहे. भावाचं जे व्हायचं ते झालं. मला या पोरीसाठी पाणी पाहिजे, ताई. दगड पाहून सांगा.

तुमचा,
बशीर

•

नागपूर
१७ जानेवारी २०२५

बशीरभाई, सलाम.

तीन दिवस मी जेवणाच्या टेबलावर जेवले नाही, कारण तिथे तुमच्या पुड्या मांडल्या आहेत. तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं, पण एका टेबलावर एवढा इतिहास एकदम पाहिला नव्हता.

वरच्या पुड्यांत चुनखडीचे खडे आहेत, ते अपेक्षितच. त्या मी बाजूला ठेवल्या. एकशेवीस फुटांपासून दोनशेचाळीसपर्यंत काळ्या दगडाचे तुकडे आहेत, कोपरे शाबूत असलेले, हाताला टोचणारे. म्हणजे ते फार दुरून आलेले नाहीत. जवळच्या डोंगरावरून गडगडत आले आणि पडले तिथेच राहिले. पण दोनशेसाठच्या खाली चित्र पालटतं. तीनशे दहाच्या सुमाराचा माल बघा: गुळगुळीत, गोल, चुन्याने एकमेकांना चिकटलेले गोटे. आणि त्यांत तांबूस वालुकाश्म! तुमच्या शिवारात उतरणाऱ्या एकाही नाल्याच्या वाटेत हा दगड नाही. मग तो आला कुठून?

उत्तरेकडून, डोंगराच्या पलीकडून. आणि डोंगर आडवा असताना दगड पलीकडून येऊ शकत नाही. म्हणून तेव्हा डोंगर एवढा उंच नव्हता! एक जुनी नदी तिकडून सरळ तुमच्या गावाखाली येत होती. पुढे पायथ्याशी जमीन फाटली. उत्तरेची बाजू वर उचलली गेली, दक्षिणेची खचली. त्या नदीची वाट तुटली. नव्या उंच डोंगराने आपले धारदार तुकडे तिच्या पात्रावर टाकले आणि खचलेल्या पन्हाळीत आजची पूर्णा वाहू लागली. आपण लहानपणी जिच्यात म्हशी धुतल्या, ती नदी अशी जन्मली. हे कुठल्या पोथीत नाही. तुमच्या सोळा पुड्यांत आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. या खोल गोट्यांमध्ये चिकणमातीचा कण नाही. वाहत्या पाण्याने धुतलेलं निखळ पात्र आहे ते. आणि खड्यांवर मिठाचा पांढरा पापुद्रासुद्धा नाही! मी भिंगाखाली शंभर खडे पाहिले. खाऱ्या पाण्यात राहिलेला दगड वाळल्यावर इतका स्वच्छ राहत नाही. तीनशे दहा फुटांवर पुरलेली नदी आहे आणि तिचं पाणी गोड आहे. गजेंद्रच्याच वावरात मारा, भोक ढासळू नये म्हणून त्याच्या भिंतीला पाइप टाकत टाकत.

हे पत्र सभेत वाचून दाखवा. सांगा लोकांना, की पाणी नारळाला कळत नाही. आपल्या लोकांना हजार वर्षं असंच कोणी ना कोणी तळहात पुढे करून सांगत आलं, इथे पाणी आहे, तिथे नाही, हे तुझं, हे तुझं नाही. माझ्या आईला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, तेव्हा तुमच्या वडिलांनी, कलीमचाचांनी, स्वतःच्या विहिरीचा दोर तिच्या हातात दिला. त्या दोराला मी आज उत्तर देते आहे. माझा दगडावर विश्वास आहे. दगडाला जात नाही, लोभ नाही, आणि तो खोटं बोलत नाही.

धम्मशीला

•

तिवसखेड
२९ जानेवारी २०२५

ताई,

ठराव झाला. गजेंद्रच्या वावरात.

तुमचं पत्र शाळेच्या शेखर मास्तरांनी वाचलं. माझ्या आवाजात तुमची वाक्यं गेली नसती. सुरुवातीला कडूबा उठला आणि म्हणाला, "बाई नागपुरात बसून तिवसखेडचं पानी पाहून राह्यली. माह्या नारळाले निदान डोंगर तरी दिसते."

गजेंद्र म्हणाला, "तुमचा नारळ मागच्या साली माह्या वावरातई उभा राह्यला होता, कडूबा. निघालं काय पानी?"

"तुह्या घरचा बिनसाखरेचा चहा पेऊन उभा राह्यला तो. त्यात त्याचा काय दोष बे?"

लोक हसले. मग मास्तरांनी दोराचा भाग वाचला. तुमच्या आईला ओळखणाऱ्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. सरपंच शालूबाई मला म्हणाल्या, "बशीरभाऊ, मशीन तुमची, हात तुमचा. तुमाले काय वाटते?" मी म्हटलं, "ताई सांगतात ते." टाळ्या पडल्या. कडूबा धोतर झटकून निघून गेला.

एक गोष्ट तिथे बोललो नाही, तुम्हाला सांगतो. नोव्हेंबरात तीनशे फुटांचा चिखल वर आला तेव्हा सवयीप्रमाणे मी बोटाने जिभेला लावला होता. आमच्या धंद्यात सगळेच लावतात. खारट होता. नीटच खारट. पण तुम्ही भिंगातून पाहिलं आहे, आणि जीभ काही शिकलेली नाही. तरी एकदा सांगा, म्हणजे मन शांत होईल.

बशीर

•

नागपूर
८ फेब्रुवारी २०२५

बशीरभाई,

मन शांत ठेवा. भोक मारताना तुम्ही मशीनमध्ये कुठलं पाणी ओतता? गावाचंच ना? मग जिभेला लागला तो वरून ओतलेला खारेपणा. खालून आलेला नव्हे. बाहेरचं पाणी मिसळलेल्या चिखलाची चव हा पुरावाच होत नाही. स्वच्छ दगड हा पुरावा आहे.

एवढ्या लोकांसमोर तुम्ही ठाम राहिलात याचा मला अभिमान वाटला. काम सुरू झालं की कळवा. हीनाला सांगा, पहिला पेला तिचा.

धम्मशीला

•

तिवसखेड
२४ मार्च २०२५

ताई,

आठवडा झाला. कसं लिहावं ते सुचत नव्हतं.

१८ तारखेला दुपारी तीनशे दहाच्या खाली पोचलो. पाइप नीट बसले होते. भोक या वेळी ढासळलं नाही. पंप सोडला. आधी गढूळ आलं, दोन तासांनी नितळ झालं, काचेसारखं. भरपूर पाणी, ताई. नदी होतीच तिथे, तुम्ही म्हणालात तशी. सगळं गाव जमलं होतं. शाळा सोडून दिली होती.

माझा रोजा होता. मला चाखता येत नव्हतं. म्हणून मी पाणी चाखणाऱ्यांची तोंडं पाहत उभा राहिलो.

शालूबाईंनी ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि गिळली. थुंकल्या नाहीत. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "बंद करा पंप." गजेंद्रने चूळ भरली आणि बाजूला टाकली. "माह्या विहिरीपेक्षा खारं हाय हे," म्हणाला. एका बाईने लेकराच्या हातातला पेला काढून घेतला. हीना सगळ्यांत पुढे उभी होती, तिला पहिला पेला तिचा असं सांगून ठेवलं होतं ना. ती मला विचारत होती, "मोठे अब्बू, मी पेऊ का?"

कडूबा आला होता. मला वाटलं, हा आता हसेल. तो हसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रोजा सोड गा टाइमावर. उपाशी नको बसू."

संध्याकाळी खजूर खाल्ला आणि मग त्या पाण्याचा एक घोट घेतला. तीच चव. नोव्हेंबरातल्या चिखलाची.

ताई, तुम्ही चुकत नाही. मग मी कुठे चुकलो? जागा तीच, खोली तीच. पाइप बसवताना माझ्या हातून वरचं खारं पाणी खाली उतरलं का? रोज रात्री तोच हिशेब मनात चालतो. तीनशे दहाचा माल पाठवतो आहे, पाहा. या वेळी धुतला नाही. धुवायचं मनच झालं नाही. चिखलासकट पिशवीत भरला आहे, माफ करा.

बशीर

•

नागपूर
१५ एप्रिल २०२५

बशीरभाई,

ईद होऊन गेली, शुभेच्छा द्यायच्या राहिल्या. काल १४ एप्रिल होता. चौकात दरवर्षी माझं भाषण असतं. मी गेले नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं.

तुमची पिशवी दोन आठवड्यांपूर्वीच मिळाली. उघडली तेव्हाच कळलं. गोटे तेच, गोल, तांबूस. पण प्रत्येक दोन गोट्यांच्या मधली जागा राखाडी चिकणमातीने गच्च भरलेली. त्यातला एक गोळा ताटलीत ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर पांढरा पापुद्रा धरला.

मग तुमचं पहिलं पत्र काढलं. त्यात लिहिलं आहे, स्वच्छ अक्षरात: धुतलं, चाळणीत, जारच्या पाण्याने. कारणही लिहिलं आहे, की खाऱ्या पाण्याने दगडावर पांढरं धरतं. पहिल्या पाच पुड्यांत काही उरलं नाही, हेसुद्धा. तुम्ही मला सगळं सांगितलं होतं. जी माती नाही आणि जो पापुद्रा नाही म्हणून मी नदी गोड ठरवली, ते दोन्ही तुमच्या घरात, माझ्या मानासाठी, गोड्या पाण्याने धुतले गेले होते. मी तीन दिवस भिंगातून दगड वाचले आणि तुमचं पत्र वाचलं नाही. वर तुमच्या जिभेलाही मी उत्तर शिकवलं.

हे तुमच्यापासून लपवावं का, यावर चौदा दिवस घालवले. दोन पत्रं लिहून फाडली. पण तुम्ही पाइपांचा हिशेब करत जागत आहात, म्हणून लिहिते: पाइप बरोबर बसले होते. तुमच्या हातून काहीही खाली उतरलं नाही. नमुना कसा घेतला, कशाने धुतला, हे विचारणं पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. मीच शिकवत असे. चूक माझी आहे. हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही, तसं शास्त्रच आहे.

नदीची गोष्ट मात्र खरी आहे, आणि तेच मला सहन होत नाही. डोंगर उठला हे खरं, जमीन खचली हेही खरं. पण खचलेल्या पन्हाळीत पाण्याला उतार राहिला नाही. ते थबकलं, आटलं, पुन्हा आलं, पुन्हा आटलं. खार बहुधा असाच साचत गेला असावा. यावर जाणकारांत वाद आहेत. मी गोष्टीचा अर्धा भाग वाचून टाळ्या घेतल्या. जमिनीने पूर्णेला जन्म दिला आणि त्याच खचण्याने तुमच्या विहिरी खारवल्या. याच्याविरुद्ध मोर्चा कोणावर न्यायचा? आयुष्यभर मला समोर कोणीतरी उभं लागलं, ज्याला दोष देता येईल. इथे समोर उभी असलेली मीच आहे.

ग्रामसभेसाठी वेगळं पत्र जोडलं आहे. त्यात माझी चूक कबूल केली आहे. धुण्याचा उल्लेख त्यात नाही, तुम्हीही तो करू नका. ही माझी विनंती आहे. दुसऱ्या बोअरसाठी चार कार्यालयांना अर्ज केले. दोन ठिकाणी स्वतः गेले, काठी टेकत. सगळीकडे एकच उत्तर: तुमच्या गावाची बोअर झालेली आहे, कागदावर पाणीही भरपूर लागलेलं आहे.

धम्मशीला

•

तिवसखेड
११ मे २०२५

ताई,

१ मेच्या सभेत तुमचं पत्र वाचलं. शेखर मास्तरांनीच वाचलं, पण या वेळी आवाज वर गेला नाही. संपल्यावर गजेंद्र म्हणाला, "बाईनं माफी मागतली, बरं केलं. आता माफी प्यायची काय?" कोणी तरी बोललं, "शिकलेल्यायचं असंच असते. चुकले तरी कागदावर चुकतात, भोगा आपण."

तुमची विनंती मी मोडली. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चाळणी, जार, चार तांबे. मला वाटलं होतं, शिव्या पडतील. शिव्या खायच्या म्हणूनच उठलो होतो. शालूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पावन्याच्या घरी चिखल कोन पाठवते गा, बशीरभाऊ? मी असती तं मीई धुतलंच असतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. झालं. पुढचा विषय रोजगार हमीचा होता, तो सुरू झाला. एकानेही मला वाईट म्हटलं नाही, ताई. मी उभाच होतो, बसायचं विसरलो होतो.

बिस्मिल्लाला सांगावं लागलं, गावातून कळण्याआधी. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या दिवशी आसिमले पानी कमी पडलं होतं. मी त्याले दोन घंटे थांबवलं होतं." मग तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही.

कडूबाला विचारलं, तुला उत्तरेचं कसं समजलं? तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, "नारळ लोकायसाठी हाय. बिना नारळाचं कोन ऐकते? डोंगराच्या पायथ्याले उंबराची झाडं उन्हाळाभर हिरवी रायतात, ते पाहतो मी. कोनाले सांगू नको." तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही विचाराल. नकाशावर पाहिलंत तर तुम्हीही म्हणाल की पायथ्याच्या मोठ्या दगडगोट्यांत गोडं पाणी असणारच. मलाही आता समजतं. आता समजून त्याचं करायचं काय, ते समजत नाही. तीन किलोमीटर, आणि पाच वर्षं.

हीनाची तपासणी पुन्हा झाली. आकडा आणखी वर गेला आहे. मलिहाने, आसिमच्या बायकोने, ठरवलं. तिचं माहेर अमडापूरला आहे, तिकडचं पाणी गोड आहे. शाळेचा दाखला काढला आणि गेल्या मंगळवारी पोरीला घेऊन गेली. आसिमला नेता येत नाही, त्याचं डायलिसिस इकडे लागलेलं आहे. बस निघेपर्यंत तो थांब्यावर बसून होता. पाय सुजलेले, उभं राहवत नव्हतं. हीनाने खिडकीतून विचारलं, "अब्बू, तुम्ही कधी येता?" तो म्हणाला, "येतो ना, तू हो पुढं." बस गेल्यावर मला म्हणाला, "भाई, हे बरं झालं."

तुमच्यावर माझा राग नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, काहीतरी धरायला मिळालं असतं. मशीन शेडमध्ये उभी आहे. दोन कामं आली होती, मी नाही म्हटलं. खाली काय आहे ते मला माहीत आहे, आणि पैसे घेऊन ते लोकांना दाखवायचं, हे आता होत नाही.

काल मलिहाचा फोन आला होता. आवाज चिडलेला होता. म्हणाली, पोरगी पहिले तीन दिवस इथलं पाणी पीत नव्हती. तोंडात घ्यायची आणि म्हणायची, याला काही चवच नाही, हे पाणी नाहीच. मग कालपासून एकदम प्यायला लागली, पेल्यावर पेले. मलिहाला बरं वाटलं. संध्याकाळी पाहिलं, तर हीना स्वयंपाकघरात पाटावर चढून मिठाचा डबा काढत होती. पेल्यात चिमूटभर टाकून, बोटाने ढवळून, दारामागे उभी राहून पीत होती.

बशीर